बार्बरा स्मिथ: नेहमी विचारले जाणारे प्रश्न (आणि त्यांची जरा लांबलचक उत्तरं)

बार्बरा स्मिथ म्हणजे नक्की कोण?

अमेरिकेतल्या ब्लॅक, लेस्बियन, समाजवादी, स्त्रीवादी कार्यकर्त्या. चारही गोष्टी एकदम, आणि यातली एक सांगायची नि तीन गिळायच्या असं त्यांनी पन्नास वर्षांत केलेलं नाही. जन्म १६ नोव्हेंबर १९४६, गाव क्लीव्हलंड, राज्य ओहायो. आपल्याकडे ज्यांनी नाव ऐकलंय त्यांनी बहुतेक 'आयडेंटिटी पॉलिटिक्स' (अस्मितेचं राजकारण) या शब्दामुळे ऐकलंय, नाहीतर कॉलेजात जेंडर स्टडीजच्या पेपरला त्यांचं एक निवेदन होतं म्हणून. पण ती ओळख फार अपुरी आहे असं मला वाटतं, कारण बाई मुळात सतरंज्या उचलणाऱ्या कार्यकर्त्यांतल्या, म्हणजे मीटिंगला जागा बघा, पत्रक लिहा, छापायला पैसे गोळा करा, वाटा, परत मीटिंग घ्या, हे सगळं त्यांनी स्वतः केलंय आणि जे लिहिलं ते या कामातून निघालं. वर्गात बसून आधी थिअरी आणि मग काम, असं झालेलं नाही.

लहानपण कसं होतं?

जुळ्या बहिणी, बार्बरा आणि बेव्हर्ली, दोघी दिवस भरायच्या आधीच जन्मलेल्या. वडील कधी आयुष्यात नव्हतेच. आई हिल्डा शिकलेली होती, घरात कॉलेजची पदवी घेणारी पहिली, पण त्या काळात शिकलेल्या ब्लॅक बाईला शिक्षणाला साजेशी नोकरी कोण देणार! आई गेली तेव्हा मुली नऊ वर्षांच्या. मग आजी आणि मावशा-आज्यांनी वाढवलं. हे सगळं कुटुंब मूळचं जॉर्जियातलं, दक्षिणेतला वंशभेद मागे टाकून लाखो ब्लॅक माणसं उत्तरेच्या कारखान्यांच्या शहरांत आली त्या लाटेत क्लीव्हलंडला आलेलं. घरातल्या काही बायका गोऱ्यांच्या घरी धुणीभांडी-स्वयंपाक करणाऱ्या, तरी घरात पुस्तकं भरपूर आणि मुलींनी शिकलंच पाहिजे हा हट्ट. बार्बरा पुढे सारखं सांगतात की स्त्रीवाद आपण पुस्तकातून शिकलो नाही, या घरातल्या बायकांकडे बघून शिकलो.

चळवळीत कधी आल्या?

शाळेत असतानाच. १९६४ मध्ये क्लीव्हलंडच्या शाळांमधल्या भेदभावाविरुद्ध मोठं आंदोलन झालं, ब्लॅक मुलांना वेगळं ठेवता यावं म्हणून नव्या शाळा त्यांच्याच वस्त्यांत बांधायचा घाट घातला होता आणि लोक बांधकामाच्या जागी आडवे पडत होते. त्यात एप्रिलमध्ये ब्रूस क्लुंडर नावाचे एक गोरे पाद्री बुलडोझरखाली येऊन मेले. त्याच महिन्यात हजारो मुलांनी शाळांवर बहिष्कार टाकला, त्यात या दोघी बहिणी होत्या. मग 'कोअर' या नागरी हक्कांच्या संघटनेत स्वयंसेवक म्हणून काम. पुढे माउंट होलिओक कॉलेज, तिथे व्हिएतनाम युद्धाच्या विरोधातलं काम, १९६९ ला पदवी, मग पिट्सबर्गला साहित्यात एमए. ब्लॅक बायकांनी लिहिलेलं साहित्य हा अभ्यासाचा विषय असू शकतो हेच तेव्हा विद्यापीठांना मान्य नव्हतं, बाईंनी बॉस्टनच्या एमर्सन कॉलेजात १९७३ ला तेच शिकवायला घेतलं.

कॉम्बाही रिव्हर कलेक्टिव्ह हे काय प्रकरण आहे?

१९७३ ला न्यूयॉर्कमध्ये नॅशनल ब्लॅक फेमिनिस्ट ऑर्गनायझेशन निघाली. बार्बरा तिथल्या परिषदेला गेल्या, परत येऊन बॉस्टनमध्ये शाखा काढली. पण थोड्याच दिवसांत बॉस्टनच्या बायकांना वाटायला लागलं की मूळ संघटना फार मवाळ आहे, पैसा-मजुरी-वर्ग यावर बोलत नाही आणि लेस्बियन बायकांचा विषय निघाला की सगळ्यांचे चेहरे पडतात. म्हणून मग वेगळा गट काढायचं ठरलं, तोच हा कॉम्बाही रिव्हर कलेक्टिव्ह. नाव बार्बरांनी सुचवलं. साउथ कॅरोलायनात कॉम्बाही नावाची नदी आहे, जून १८६३ मध्ये यादवी युद्ध चालू असताना हॅरिएट टबमन यांनी उत्तरेच्या सैन्याच्या बोटी त्या नदीतून नेल्या आणि एका रात्रीत सातशेहून जास्त गुलाम सोडवून आणले. टबमन स्वतः गुलामीतून पळून आलेल्या. एखाद्या थोर व्यक्तीचं नाव द्यायच्या ऐवजी बाईंनी एका कारवाईचं नाव दिलं, मला हे फार आवडतं.

मोठी संघटना वगैरे नव्हती हं. बॉस्टनशेजारच्या केंब्रिजच्या विमेन्स सेंटरमध्ये जमायच्या, कधी कुणाच्या घरी. १९७४ ते १९८० एवढाच काळ. कुणी शिक्षिका, कुणी आरोग्य क्षेत्रात, कुणी विद्यार्थिनी. पुढे न्यूयॉर्कच्या महापौरांच्या पत्नी म्हणून ओळखल्या गेलेल्या शर्लेन मॅक्रे तरुणपणी यात होत्या.

आणि ते प्रसिद्ध निवेदन? सोप्या भाषेत सांगा ना

एप्रिल १९७७ चं आहे. बार्बरा, बेव्हर्ली आणि डेमिटा फ्रेझियर या तिघींनी लिहिलं, स्त्रीवादी अभ्यासक झिला आयझेनस्टाइन यांच्या संपादित पुस्तकासाठी मागितलं होतं म्हणून. मुद्दा असा: ब्लॅक बाईवर वंशाचा, बाईपणाचा, गरिबीचा आणि ती लेस्बियन असेल तर त्याचा, असे सगळे जुलूम एकाच वेळी चालू असतात आणि ते एकमेकांत अडकलेले असतात. घरमालक तुम्हाला घर नाकारतो तेव्हा तो काही फॉर्म भरून देत नाही की हे वंशामुळे चाळीस टक्के आणि बाई आहात म्हणून साठ टक्के. म्हणून लढासुद्धा एकेक विषय सोडवत करता येत नाही. तेव्हाची परिस्थिती अशी की ब्लॅक चळवळ म्हणायची आधी वंशाचं बघू, बायकांचं नंतर. गोऱ्या बायकांची चळवळ म्हणायची आपण सगळ्या बहिणी, पण बैठक ठरवताना घरकामाला जाणाऱ्या ब्लॅक बाईची वेळ कुणाच्या डोक्यात नाही.

त्यातलं सगळ्यात मोठं वाक्य मी माझ्या शब्दांत सांगते, की ब्लॅक बायका मुक्त झाल्या तर बाकी सगळ्यांना मुक्त व्हावंच लागेल, कारण त्यांच्या मुक्तीसाठी जुलमाच्या सगळ्याच व्यवस्था मोडाव्या लागतात. हे गर्वाने म्हटलेलं नाहीये, साधा हिशोब आहे, सगळ्यात खालच्या पायरीवरचा दगड हलवला की वरचं काही जागेवर राहत नाही.

म्हणजे जातीपातीचं, गटातटाचं राजकारण यांनीच सुरू केलं ना? आयडेंटिटी पॉलिटिक्स?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि विचारणाऱ्याचा सूर बहुतेक वेळा आरोपाचा असतो. शब्द त्या निवेदनात आला हे खरं, छापून आलेल्या सुरुवातीच्या वापरांपैकी तो मानला जातो. पण अर्थ बघा. त्या एवढंच म्हणत होत्या की आमच्या जगण्यातून आमचं राजकारण ठरवायचा आम्हाला हक्क आहे, दुसऱ्या कुणीतरी आमचा अजेंडा लिहायचा आणि आम्ही मागून चालायचं हे आता बंद. त्याच निवेदनात त्या स्वतःला समाजवादी म्हणतात, त्याच निवेदनात ब्लॅक पुरुषांसोबत वंशभेदाविरुद्ध एकत्र लढतो असंही म्हणतात. 'फक्त आमच्यातलेच लोक हवेत' हे त्यात कुठेही नाही. आज टीव्हीवर आयडेंटिटी पॉलिटिक्स म्हणजे आपापला कोपरा धरून बसणं असा अर्थ झालाय, त्याचं खापर १९७७ च्या तीन बायकांवर फोडणं हा अन्याय आहे. २०२० ला बार्बरांनी अध्यक्षपदासाठी डाव्या विचारांच्या बर्नी सँडर्सना जाहीर पाठिंबा दिला, म्हणजे एका वयस्क गोऱ्या पुरुषाला, तेव्हा कित्येक जण चक्रावले. त्यांचं म्हणणं होतं की माझ्या लोकांना दवाखाना आणि पगार कुणाच्या कार्यक्रमात मिळतो ते मी बघणार. यात बदललेलं काहीच नाही, आधीपासूनचंच आहे ते.

हे सगळं लिहिण्या-बोलण्याचं झालं, प्रत्यक्ष जमिनीवर काय काम केलं?

भरपूर, आणि हाच भाग कुणी विचारत नाही.

बॉस्टनमध्ये डॉ. केनेथ एडेलिन नावाचे ब्लॅक डॉक्टर होते, कायदेशीर गर्भपात केला म्हणून त्यांना १९७५ मध्ये मनुष्यवधासाठी दोषी ठरवलं (पुढे १९७६ ला वरच्या कोर्टाने ते रद्द केलं), त्यांच्या बाजूने कॉम्बाहीच्या बायका रस्त्यावर होत्या. गरीब ब्लॅक आणि लॅटिना (लॅटिन अमेरिकन मुळाच्या) बायकांची त्यांना नीट न सांगता नसबंदी केली जायची, त्याविरुद्ध काम. मारहाण सोसणाऱ्या बायकांसाठी काम. ब्लॅक वस्तीत शाळेची इमारत बांधतायत पण बांधकामावर ब्लॅक कामगार घेत नाहीत, त्या आंदोलनातही या होत्या. म्हणजे बघा, एकीकडे गर्भपाताचा हक्क आणि दुसरीकडे बांधकाम मजुरांचा रोजगार, एकाच आठवड्यात, त्याच बायका.

पण १९७९ चं सांगितल्याशिवाय हे उत्तर पुरं होणार नाही. जानेवारीच्या शेवटी बॉस्टनच्या रॉक्सबरी भागात दोन ब्लॅक मुलींचे मृतदेह सापडले. पेपरात आतल्या पानावर बारीक बातमी. मग आणखी एक, मग आणखी एक. मे संपेपर्यंत बारा ब्लॅक बायकांचे खून झाले, सगळे शहराच्या त्याच दोन-तीन मैलांच्या पट्ट्यात. पोलिसांचा सूर असा की या मुली रात्रीबेरात्री फिरणाऱ्या असतील. १ एप्रिलला मोठा मोर्चा निघाला, पुढारी बोलायला उभे राहिले, बहुतेक सगळे पुरुष, आणि त्यांनी सांगितलं की हा वंशभेदाचा प्रश्न आहे, बायकांनी घरात राहावं, एकटं बाहेर पडू नये आणि पुरुषांनी आपल्या बायकांचं रक्षण करावं. मेल्या त्या सगळ्या बायका आहेत, त्या बायका होत्या म्हणून मेल्या, हे एकाच्याही तोंडातून निघेना. आणि ज्या बाईला रात्रपाळी आहे किंवा जिच्या घरात पुरुष नाही तिने काय करायचं? (हे भाषण आपण सगळ्यांनी कधी ना कधी ऐकलेलं आहे, फक्त शहराचं नाव वेगळं.)

बार्बरा तिथून घरी आल्या, डोकं तापलेलं, आणि त्याच रात्री पत्रक लिहायला बसल्या. कलेक्टिव्हच्या इतर बायकांशी बोलून ते पक्कं केलं. शीर्षक होतं, 'सहा ब्लॅक बायका: त्या का मेल्या?' वंशभेद आणि बायकांवरची हिंसा दोन्ही एकत्र मांडलेलं, आणि त्यात नुसतं भाषण नव्हतं तर स्वतःला कसं सांभाळायचं, कुणाकडे मदत मागायची, कोणत्या गटांशी संपर्क करायचा हे सगळं. इंग्रजीत काढलं आणि स्पॅनिशमध्येही, कारण त्या वस्तीत पोर्तो रिकन लोक खूप. पत्रक वाटून होईपर्यंत आणखी खून व्हायचे, मग छापलेला आकडा खोडून पुढचा टाकायचा, सहा खोडून पुढचा, तो खोडून त्याच्या पुढचा. हजारो प्रती वाटल्या गेल्या. त्या पत्रकाभोवती ब्लॅक गट, गोऱ्या स्त्रीवाद्यांचे गट, लॅटिनो लोक, लेस्बियन गट असे एरवी एका खोलीत न बसणारे लोक एकत्र आले. ऑर्गनायझिंग म्हणजे काय असं कुणी विचारलं तर मी हे एक उदाहरण देते.

लेस्बियन असल्याचं उघड सांगितल्यावर त्रास झाला का?

झाला तर. सत्तरच्या दशकाच्या मध्यात बॉस्टनमध्ये त्या मोकळेपणाने लेस्बियन म्हणून जगायला लागल्या. त्याआधी त्यांना वाटायचं आपल्याला चळवळीत जागाच उरणार नाही, कारण ब्लॅक राष्ट्रवादी गटांमध्ये समलिंगी असणं हा गोऱ्यांचा रोग आहे असं बिनदिक्कत म्हटलं जायचं. १९७७ ला त्यांनी ब्लॅक स्त्रीवादी समीक्षेवर एक लेख लिहिला, त्यात ब्लॅक लेस्बियन लेखिकांचा विषय पहिल्यांदा एवढ्या स्पष्टपणे आला. पुढच्या वर्षी हॉवर्ड विद्यापीठात, म्हणजे ब्लॅक लोकांच्या सगळ्यात मानाच्या विद्यापीठात, त्यावर बोलल्या तर सभागृहातले लोक अक्षरशः तुटून पडले. बाई थांबल्या नाहीत. आणि सोडूनही गेल्या नाहीत, हे जास्त महत्त्वाचं, आपल्याच लोकांत राहून आपल्याच लोकांशी भांडत राहिल्या.

पुरुषद्वेष्ट्या आहेत का?

नाही. निवेदनात स्पष्ट लिहिलंय की पुरुषांपासून पूर्ण वेगळं व्हायचं हा लेस्बियन सेपरेटिझमचा मार्ग आम्हाला मान्य नाही, तो आमच्या लोकांतल्या फार जणांना बाहेर ठेवतो. पुढचा प्रश्न.

किचन टेबल प्रेस काय होतं?

१९८० ला कवयित्री ऑड्री लॉर्ड आणि बार्बरा फोनवर बोलत होत्या आणि लॉर्ड म्हणाल्या की आपलं आपण छापायचं काहीतरी करायलाच हवं. त्यातून किचन टेबल: विमेन ऑफ कलर प्रेस उभी राहिली. अमेरिकेत ब्लॅक, लॅटिना, आशियाई, मूळनिवासी अशा सगळ्या बायकांनी मिळून चालवलेलं असं प्रकाशन याआधी नव्हतं. नाव किचन टेबल, कारण घरात बायका काम करतात आणि एकमेकींशी खरं बोलतात ती जागा स्वयंपाकघर, आणि दुसरं म्हणजे भांडवल नाही, वारसा मिळालेली इस्टेट नाही, घरातल्या टेबलावरूनच धंदा करायचा आहे हेही सांगायचं होतं.

कामही तसंच चाललं. पैसा कायम कमी, ऑर्डर आली की पुस्तकं खोक्यात भरून पोस्टात न्यायची. चेरी मोरागा आणि ग्लोरिया अंझाल्दुआ यांनी संपादित केलेला एक गाजलेला संग्रह आधीची प्रकाशन संस्था बुडाल्यामुळे बाजारातून गायब होणार होता, तो १९८३ ला किचन टेबलने परत काढला. त्याच वर्षी बार्बरांनी संपादित केलेला 'होम गर्ल्स' हा ब्लॅक स्त्रीवादी लेखनाचा संग्रह आला. जपानी-अमेरिकन लेखिका हिसाये यामामोटो यांच्या कथा काढल्या. शिवाय स्वस्तातल्या पुस्तिकांची मालिका, खास कार्यकर्त्यांसाठी, त्यातच कॉम्बाहीचं निवेदन १९८६ ला वेगळं छापलं गेलं आणि मीटिंगांमधून हातोहात फिरलं. आज ते निवेदन जगभर शिकवतात त्यामागे ही पुस्तिका आहे, हे प्राध्यापक मंडळी सांगायचं विसरतात. १९९२ ला ऑड्री लॉर्ड कॅन्सरने गेल्या आणि नव्वदच्या दशकातच प्रेस बंद पडली. एक माणूस किती वर्षं खोकी उचलणार.

नगरसेवक पण होत्या म्हणे?

हो! १९८४ ला त्या न्यूयॉर्क राज्याची राजधानी ऑल्बनी इथे राहायला गेल्या, आर्बर हिल या ब्लॅक वस्तीत. २००५ ला तिथल्या कॉमन कौन्सिलवर चौथ्या वॉर्डातून निवडून आल्या, २००९ ला परत. दोन टर्म, २०१३ पर्यंत. जगभर निवेदन गाजलेली बाई इथे पडक्या घरांच्या तक्रारी, तरुण पोरांमधला गोळीबार, शाळेनंतर मुलांनी कुठे जायचं, यावर बोलत होती. बंदुकीच्या हिंसाचाराचा प्रश्न त्यांनी नेटाने लावून धरला, आणि फक्त पोलीस वाढवून तो सुटत नाही हे सतत सांगितलं. नंतर २०१४ पासून महापौर कॅथी शीहान यांच्या कार्यालयात, शहरातल्या गरीब वस्त्यांपर्यंत सोयी समान पोचाव्यात या कामावर होत्या. काही जुने क्रांतिकारक मित्र यावर नाकं मुरडतात. मला यात विसंगती दिसत नाही, गल्लीतला दिवा लागला पाहिजे हे मागणं आणि व्यवस्था बदलली पाहिजे हे मागणं एकाच माणसाचं असू शकतं.

एलजीबीटी चळवळीशी त्यांचं भांडण काय आहे?

त्यांचं म्हणणं, ही चळवळ हळूहळू सुखवस्तू गोऱ्या लोकांच्या हातात गेली. लग्नाचा हक्क, सैन्यात भरती, मोठ्या कंपन्यांची स्पॉन्सरशिप, हे सगळं वर आलं, आणि बेघर समलिंगी पोरं, तुरुंगातले लोक, गरीब ट्रान्स बायका, पोलिसांची मारहाण हे मागे पडलं. १९९३ ला त्यांनी 'द नेशन' या डाव्या विचारांच्या नियतकालिकात लेख लिहिला, क्रांती कुठे आहे असं सरळ विचारणारा. २००० साली वॉशिंग्टनला 'मिलेनियम मार्च' झाला त्याच्याही विरोधात होत्या, वरच्या वर ठरवून खालच्या कार्यकर्त्यांना फक्त गर्दी करायला बोलावलंय असं त्यांचं मत. २०१९ ला, स्टोनवॉलला (न्यूयॉर्कच्या स्टोनवॉल बारवर पोलिसांची धाड पडल्यावर समलिंगी लोकांनी केलेल्या उठावाला) पन्नास वर्षं झाली तेव्हा, मुख्य प्रवाहातली ही चळवळ आपण का सोडली हे न्यूयॉर्क टाइम्समध्ये लिहिलं. लग्नाच्या हक्काला विरोध नाहीये, तेवढ्यावर दुकान बंद करू नका एवढंच.

आपल्याकडे याचा काही संबंध?

ओढूनताणून जोडायला नको, पण धागे खरे आहेत. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये ब्लॅक विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतल्या ब्लॅक लोकांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची चौकशी केली होती. १९७२ ला मुंबईत दलित पँथर निघाली, नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर या संघटनेवरून घेतलेलं. आणि नव्वदच्या दशकात दलित बायका म्हणायला लागल्या की सवर्ण बायकांची चळवळ आमची जात बघत नाही आणि दलित चळवळ आमचं बाईपण बघत नाही, तेव्हा पुण्याच्या समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे यांनी १९९८ ला दलित स्त्रीवादी दृष्टिकोनाची मांडणी केली, त्यात ब्लॅक स्त्रीवाद्यांच्या वादांचाही विचार आहे. दलित बायकांचा प्रश्न मात्र त्यांच्याच अनुभवातून आलाय, अमेरिकेतून आयात नाही. आत्मकथा लिहिणाऱ्या बेबीताई कांबळे, शांताबाई कांबळे यांना बॉस्टनहून कुणी सांगायला आलं नव्हतं.

वाचायला सुरुवात कुठून करू?

निवेदनापासून. तासाभरात होतं आणि भाषा अवघड नाही. मग किआंगा-यामाटा टेलर यांनी २०१७ ला काढलेलं मुलाखतींचं पुस्तक घ्या, त्यात बार्बरा, बेव्हर्ली आणि डेमिटा तिघी चाळीस वर्षांनी मागे वळून बोलतात, एकमेकींचं सगळंच एकमेकींना पटतं असंही नाही. कामाचे कागद, पत्रकं, भाषणं एकत्र हवी असतील तर २०१४ ला अलीथिया जोन्स आणि व्हर्जिनिया युबँक्स यांनी संपादित केलेला जाडजूड ग्रंथ आहे, तो सरळ पहिल्या पानापासून वाचायचा नाही, आधी १९७९ च्या बॉस्टनचं प्रकरण काढायचं.